स्टोइक सराव रोजच्या धबडग्यात नेमका कसा करायचा?

कोरांटी
स्टोइक म्हणजे प्राचीन ग्रीस-रोममधल्या, विवेकाने जगायला शिकवणाऱ्या तत्त्वज्ञानाचे लोक. त्यांच्यातल्या एपिक्टेटस या शिक्षकाची हस्तपुस्तिका वाचली. ५३ छोटी प्रकरणं, वाचायला दोन संध्याकाळी पुरतात. अडतं ते पुढे. ‘आपल्या हातातलं’ आणि ‘हातात नसलेलं’ असे दोन रकाने आखले की दुसऱ्यात सगळं जग जातं आणि पहिला रिकामाच राहतो. राग येतो तेव्हा यातलं काही आठवत नाही. रात्री दिवसाचा आढावा घ्यावा म्हणतात, पण तो स्वतःलाच झोडपण्याचा कार्यक्रम होऊन बसतो. नोकरी-घर सांभाळून रोज काय करायचं, किती वेळ, कशात चुकतं, हे जाणकारांनी सांगावं. सुविचार नकोत.

निवडुंग
रकाने चुकतात, कारण आपण त्यात ‘नोकरी’, ‘तब्येत’, ‘मुलांचा अभ्यास’ अशी अख्खी गाठोडी टाकतो. एपिक्टेटसच्या यादीत हातातल्या गोष्टी मोजक्याच आहेत: आपण बनवलेलं मत, काही करायला निघणं, हवंसं वाटणं, नकोसं वाटणं. शरीर, मालमत्ता, लौकिक, अधिकारपद हे सगळं बाहेरचं. त्यामुळे प्रत्येक गाठोडं सोडवून बघावं लागतं.

अप्रेझलचंच घ्या. ‘चांगलं रेटिंग मिळवायचं’ हे ध्येय बाहेरचं. वर्षभराच्या कामाच्या नोंदी नेणं, पगारवाढ स्पष्ट शब्दांत मागणं, समोरच्याचं बोलणं मध्ये न तोडता ऐकणं हे आपलं. रोमन लेखक सिसेरोने स्टोइकांच्या तोंडी तिरंदाजाचा दाखला दिला आहे: नेम नीट धरण्यात जे करायचं ते त्याने सगळं केलं की त्याचं काम झालं, बाण लागणं ही वेगळी बाब. इथे हमखास होणारी चूक म्हणजे ‘माझ्या हातात नाही’ म्हणून मागायचंच टाळणं. मागणं हातात आहे, होकार नाही.

सकाळी पाच मिनिटं. हस्तपुस्तिकेचं चौथं प्रकरण सार्वजनिक स्नानगृहात जाण्याबद्दल आहे: तिथे कोणी पाणी उडवेल, कोणी ढकलेल, शिव्या देईल, चोरीही होईल. जाण्याआधी म्हणायचं, मला अंघोळही करायचीय आणि डोकंही ठिकाणावर ठेवायचंय. लोकलला हे जसंच्या तसं लागू पडतं. दारात अडून उभे राहणारे असणार, पाठीवरची सॅक तोंडावर येणार. दिवसातला असा एकच ठरावीक प्रसंग निवडा, त्यात आपण काय करणार ते एका वाक्यात ठरवा आणि थांबा. रात्री अंथरुणात ‘काय काय वाईट होईल’ सुरू केलंत तर ती निव्वळ काळजी होते, कारण तिला शेवट नसतो आणि करायचं असं काही त्यातून निघत नाही.

रात्री दहा मिनिटं, शक्यतो वहीत. रोमन स्टोइक सेनेकाने ही पद्धत सेक्स्टियस या तत्त्वज्ञाकडून घेतली. प्रश्न तीन: आज कोणता दोष बरा केला, कोणत्या दोषाला विरोध केला, कोणत्या बाबतीत सुधारलो. स्वतःला झोडपण्यावरचा उपाय सेनेकाच्या त्याच लिखाणात आहे. तो स्वतःला म्हणतो, पुन्हा असं करू नकोस, या खेपेला माफ. माफीची ओळ लिहिल्याशिवाय वही मिटायची नाही.

नोंद अशी असावी:
घटना: साहेब चौघांसमोर म्हणाले, रिपोर्ट पुन्हा करून आणा.
मी जोडलेलं: अपमान केला, मुद्दाम केला.
उद्या: नेमके कोणते आकडे बदलायचे ते विचारणे.
माफ.

पहिल्या ओळीत कॅमेऱ्याला दिसेल आणि ऐकू येईल तेवढंच. ‘साहेबांनी पाणउतारा केला’ असं लिहिलंत की निकाल घटनेतच घुसतो आणि पुढे तपासायला काही उरत नाही. एपिक्टेटस शिष्यांकडून हेच घोकून घेई: जहाज बुडालं. काय झालं? जहाज बुडालं. वाईट झालं, ही भर आपली.

टिचकी
वरच्या सगळ्याला +१. रागाबद्दल थोडी भर.

राग आल्यावर काही आठवत नाही, यात नवल नाही. सेनेका रागाचे तीन टप्पे सांगतो. पहिला धक्का आपोआप बसतो, त्यावर इलाज नाही. दुसऱ्यात ‘माझ्यावर अन्याय झाला, याला धडा शिकवला पाहिजे’ याला आपण मान्यता देतो. तिसऱ्यात गाडी उताराला लागलेली असते. ऑलस गेलियस या रोमन लेखकाने वादळात सापडलेल्या जहाजावरचा एक स्टोइक वर्णिला आहे, तोही पांढराफटक पडला होता. तेव्हा कानशिलं तापली म्हणजे सराव फसला असं समजू नका. काम दुसऱ्या टप्प्यावर करायचं, आणि तिथे सेनेकाचं सर्वांत मोठं औषध: उशीर.

नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हा उशीर असा आणायचा. उत्तर ग्रुपच्या चौकटीत टाइप करायचंच नाही, कारण तिथे बोट ‘पाठवा’पासून एका टिचकीवर असतं. नोट्समध्ये लिहा, जेवून या, मग वाचा. बहुतेक वेळा अर्धं खोडलं जातं.

मोजमाप करायचं तर सलग दिवस मोजू नका. एक दिवस चुकला की ‘गेलं सगळं’ म्हणून सोडून दिलं जातं. एपिक्टेटस दोन रागांमधलं अंतर मोजतो: आधी रोज, मग दिवसाआड, मग तिसऱ्या दिवशी, मग चौथ्या. तीस दिवस निभावले तर देवाला नैवेद्य दाखवा म्हणतो! राग आला त्या दिवशी कॅलेंडरवर फुली मारा आणि तिच्याशेजारी मागच्या फुलीपासूनचे दिवस लिहिले की पुरे.

जुना वाचक
दोन इशारे. घरात मारहाण होत असेल किंवा पगार थकवला जात असेल तर ‘मत बदला’ हा सल्ला स्टोइक नव्हेच. न्याय हा त्यांच्या चार सद्गुणांपैकी एक. तक्रार करा, वकील गाठा, मनःशांती त्याच्या जोडीने. दुसरं, झोप-भूक उडाली असेल, महिनोन्‌महिने उदास वाटत असेल तर वहीवर भागवू नका, डॉक्टरांकडे जा. अल्बर्ट एलिस या मानसशास्त्रज्ञाने विवेकनिष्ठ उपचारपद्धती (अविवेकी विचार तपासून बदलायला शिकवणारी) उभी केली तेव्हा एपिक्टेटसचं ऋण मान्य केलं होतं, आणि कि. मो. फडके यांनी ती महाराष्ट्रात रुजवली. तिथे समोर प्रशिक्षित माणूस बसलेला असतो, हा फरक मोठा आहे.

सेनेकाचे ‘गरिबीचे दिवस’ही जपून. तीन-चार दिवस साधं, स्वस्त अन्न आणि जाडेभरडे कपडे, आणि स्वतःला विचारायचं, याचीच भीती होती का? उपाशी राहायला तो सांगत नाही. मधुमेह असेल तर जेवणाच्या वेळा बदलू नका, कॅब आणि बाहेरून मागवणं तेवढं बंद ठेवा. आणि स्टेटसला टाकू नका. एपिक्टेटस म्हणतो, तहान लागली असता गार पाण्याची चूळ भरून थुंका आणि कोणाला सांगू नका.

कोरांटी
धन्यवाद, ‘मी जोडलेलं’ ही ओळ आजपासूनच. एक शंका राहिली. तिसऱ्या प्रकरणात मुलाचा पापा घेताना ‘हा मर्त्य आहे’ असं स्वतःला सांगायला म्हटलंय. वाचवत नाही. करायलाच हवं का?

निवडुंग
लगेच नको. त्या प्रकरणाची सुरुवात मडक्यापासून आहे: मडकं आवडतं, तर ‘मला मडकं आवडतं’ म्हणा, फुटलं तर हादरणार नाही. मूल आणि बायको त्यानंतर येतात. लोक मडकं ओलांडून थेट मुलावर उडी मारतात आणि घाबरून पुस्तक मिटतात. पहिले दोन-तीन महिने हे प्रकरण आवडता कप, मोबाइलची काच आणि गाडीवरचा ओरखडा एवढ्यापुरतंच ठेवा. घरात नुकतंच कोणी गेलं असेल तर तेही नको.