मदत हवी आहे: बोटीच्या इंजिनावर टाकीतलं पाणी तापत नाही

नमस्कार मंडळी,

आम्ही इंग्लंडमध्ये ग्रँड युनियन कालव्यावर नॅरोबोटीत (कालव्यांसाठीची अरुंद, लांब बोट) राहतो. बोट जुनी घेतलेली. आधीच्या मालकाने मागच्या कपाटात लाकडी चौथऱ्यावर ५५ लिटरची टाकी बसवली आहे. प्रकार आपल्या बंबाचाच, फक्त निखाऱ्यांऐवजी आतल्या कॉइलमधून इंजिनाचं कुलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) फिरतं.

म्हणजे फिरायला हवं. तासभर इंजिन चालवलं, काटा ८० अंशांवर गेला, तरी टाकी कोमटसुद्धा होत नाही. इंजिनातून निघणारा होज हातभर अंतरापर्यंत चटका बसेल इतका गरम, पुढे गारठलेला. परतीचाही गार. धक्क्यावरची वीज जोडून हीटर लावला की पाणी छान तापतं, पण तेव्हा टाकीचा ३ बार दाबाला उघडणारा सेफ्टी व्हॉल्व्ह ठिबकत राहतो. तो बदलू का? आणि कॉइल चोंदली असेल का? थंडी तोंडावर आलीय, घरात लहान मूल आहे.

प्रतिसाद

कॉइलचं वरचं तोंड इंजिनाच्या कुलंट भरायच्या झाकणापेक्षा उंच आहे का, ते आधी बघा.

धागाकर्ता

हो, चांगलं वीतभर उंच आहे.

प्रतिसाद

मग कॉइलवर संशय नको, वर हवा अडकलीय. झाकणातून कितीही कुलंट ओता, ते झाकणाच्या पातळीच्या वर चढत नाही. कॉइलपेक्षा उंचावर वेगळी हेडर टँक (कुलंट भरायची छोटी टाकी) लावा. प्रेशर कॅप (दाब धरून ठेवणारं झाकण) तिच्यावर, इंजिनावर साधं घट्ट झाकण. होज मध्येच वर-खाली लोंबू देऊ नका, सलग चढते ठेवा आणि सगळ्यात उंच जागी हवा काढायचा छोटा कॉक बसवा. हे सगळं इंजिन गार असताना! गरम झाकण उघडून भाजलेले लोक इंजिनरूममध्ये पाहिलेत मी. भरताना पाणी आणि अँटिफ्रीझ निम्मं-निम्मं.

जोडणीही तपासा. गरम कुलंट थर्मोस्टॅटच्या (इंजिन तापेपर्यंत कुलंटची थंड व्हायची वाट अडवणारी झडप) अलीकडून निघालं पाहिजे आणि परत इंजिनाच्या कुलंट पंपाच्या ओढीच्या बाजूला गेलं पाहिजे. दोन्ही टोकं एकाच दाबाच्या जागी जोडली असतील तर हवा काढूनही काही फिरणार नाही.

व्हॉल्व्ह बहुधा त्याचं काम करतोय. १० अंशांचं ५५ लिटर पाणी ८० पर्यंत तापलं की दीडेक लिटर फुगतं. थंड पाण्याच्या वाटेवर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी मागे जाऊ न देणारा) असेल, तर ते जाणार कुठे? छोटं एक्स्पान्शन व्हेसल (फुगलेलं पाणी सामावणारा हवा भरलेला डबा) लावा. त्यातल्या हवेचा दाब तुमचा नळांना पाणी देणारा पंप ज्या दाबाला बंद होतो त्याहून किंचित जास्त ठेवा.

आणि नळाआधी मिक्सिंग व्हॉल्व्ह (गरम पाण्यात थंड मिसळणारा) हवाच. इंजिनावर तापलेलं पाणी ७५-८० अंशांपर्यंत जातं, पोराचा हात भाजायला एक क्षण पुरे.

धागाकर्ता

धन्यवाद काका! नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह आहे, व्हेसल कुठेच दिसत नाही. परतीचा होज इंजिनाला नेमका कुठे जोडलाय ते कळत नाही, उद्या उजेडात फोटो काढून टाकतो.