कासच्या पायवाटा संगणकावर आखाव्यात का?

धागाकर्ता: २०१२ साली जागतिक वारसास्थळांत गेलेल्या कास पठारावर फुलांच्या हंगामात गर्दी ठरावीक पट्ट्यांतच उतरते आणि जांभ्यावरचा बोटभर मातीचा थर पायांखाली दबतो. म्हणून माझे मत असे, की पायवाटा आधी क्यूजीआयएससारख्या नकाशे बनवण्याच्या मोफत संगणक-प्रणालीत आखाव्यात: उंचीच्या आकड्यांवरून उतार काढावा, ओहोळ आणि पाणथळ जागांभोवती मोकळा पट्टा सोडावा आणि जिथे माती नाही, अशा उघड्या कातळावरूनच वाट न्यावी.

प्रतिसाद १: मी पूर्णपणे असहमत आहे. आपण ज्याला उघडा कातळ म्हणता, तोच कासचा खरा अधिवास आहे. गेल्या सप्टेंबरात मी अशाच कातळावर उकिडवा बसलो होतो, तेव्हा परातीएवढ्या एका खळग्यात सीतेची आसवे, गेंद आणि चिकट थेंब ल्यालेले दवबिंदू अशी इवली रोपे एकमेकांना खेटून उभी होती. मोफत मिळणाऱ्या उंचीच्या आकड्यांत एक चौकट साधारण ३० मीटरची असते आणि सेंटिनेल-२ उपग्रहाच्या छायाचित्रात १० मीटरची. त्यात परातीएवढा खळगा दिसणार कसा? शिवाय फुले असतात नेमकी तेव्हाच पठारावर ढग असतात, आणि मार्चमधल्या स्वच्छ छायाचित्रात तीच जागा कोरडा दगड म्हणून नोंदली जाते.

प्रतिसाद २: मुळात नवी वाट हवीच कशाला? कुमुदिनी तळ्याकडे जाणारा जुना राजमार्ग पावलांनी आधीच घट्ट झालेला आहे. लोकांना त्यावरूनच चालवावे.

धागाकर्ता: कातळाविषयीची माझी चूक मला मान्य आहे आणि तो निकष मी मागे घेतो. राजमार्गाची सूचनाही रास्त आहे, परंतु एकाच वाटेवर सारा भार टाकला, की ती चिखलाने रुंदावते आणि लोक कडेच्या फुलांतून चालू लागतात, हे आपण पाहतोच. नकाशा मात्र सोडू नये. खळगे हंगामात चालूनच शोधावे लागतील, तरी ते टिपायचे नकाशावरच; अन्यथा ही माहिती गुराख्यांच्या आणि दोन-चार अभ्यासकांच्या डोक्यातच राहील.

प्रतिसाद १: टिपावेत, पण ते बिंदू सर्वांसाठी खुले करू नयेत. दुर्मीळ फुलाचे ठिकाण मोबाइलवर आले, की छायाचित्रांसाठी तिथेच झुंबड उडते. तो नकाशा पठारालगतच्या गावांच्या समितीकडे राहणार असेल, तर येत्या भाद्रपदात मी स्वतः नोंदी करायला येईन.