प्रति: येऊरमधली वाळकी झाडं

ठाण्याजवळच्या येऊरच्या जंगलातली वाळकी झाडं काढून एकाच जातीची रोपं रांगेत लावावीत, ही इथे आलेली सूचना मला अजिबात पटत नाही. फेब्रुवारीत येऊरच्या वाटेवर वठलेल्या सावरीच्या फांदीत तांबट पक्षी घरटं कोरताना पाहिला; चोचीने भुसा बाहेर टाकत होता. टणक जिवंत लाकडात त्याला ते जमत नाही. एका वयाच्या झाडांचं छतही एकच. खाली करवंद, मुरुडशेंग, वर ऐन, कळंब, त्यांवर वेली, असे थर हवेत. गिरिपुष्पही (ग्लिरिसिडिया, बाहेरून आणून लावलेलं झाड) सरसकट तोडू नका, उतारावरची माती वाहून जाईल. थोडं थोडं विरळ करून मधे उंबर, कुंभा लावा. आणि आधी वणवे रोखा हो! पळस, ऐन बुंध्यातून आपले आपण फुटतात.