मदत हवी आहे: अमेरिकी अर्थव्यवस्थेच्या 1937 च्या घसरणीचं खापर नेमकं कशावर फोडायचं?

अमेरिकेतल्या महामंदीचा पहिला टप्पा कळतो. बँका बुडाल्या, पैशाचा पुरवठा सुमारे एक तृतीयांश आटला. त्यात ऑक्टोबर 1931 मध्ये देशातलं सोनं बाहेर जाऊ नये म्हणून फेडरल रिझर्व्हने (अमेरिकेची मध्यवर्ती बँक) व्याजदर दीडवरून साडेतीन टक्क्यांवर नेला. आगीत तेलच! 1933 मध्ये रूझवेल्टने बँका बंद करून, तपासून उघडल्या. 1934 मध्ये सोन्याचा भाव 20.67 वरून 35 डॉलर झाला.

अडतंय पुढे. ऑगस्ट 1936 ते मे 1937, राखीव निधीचं प्रमाण (ठेवींचा जो हिस्सा बँकांना बाजूला ठेवावाच लागतो) तीन टप्प्यांत दुप्पट. पण बँकांकडे सक्तीपेक्षा जादा राखीव रक्कम पडूनच होती, मग फटका कसा? त्याच काळात ट्रेझरीने (अर्थखात्याने) देशात येणारं सोनं गोठवलं, म्हणजे त्यातून पैशाचा पुरवठा वाढू दिला नाही; माजी सैनिकांचा 1936 चा बोनस संपला, पगारावर नवा कर आला. यांचा वाटा वेगळा कसा काढायचा?