ऑपरेशनआधीची भीती: तुम्ही पेशंटला धीर कसा दिलात?

मिरजेत 1894 साली डॉ. वान्लेस यांनी मिशन हॉस्पिटल सुरू केलं, तेव्हापासून जत, अथणी, कोकण अशा सगळीकडून माणसं इथे उपचाराला येतात. औषधपाण्याची चौकशी जो तो करतो, पण पेशंटच्या पोटात जो गोळा येतो त्याकडे कुणाचं लक्ष नसतं. 'घाबरू नका' म्हटल्यानं भीती जात नाही, पुढे काय होणार ते नीट सांगितलं की ती निम्म्यानं उतरते, असं माझं ठाम मत आहे. तुमचे अनुभव लिहा. पेशंट, नातेवाईक, सिस्टर, सगळ्यांनीच.

ऑपरेशन थिएटरमधली सिस्टर, मिरज
अगदी पटलं. कमरेखाली भूल द्यायची असते तेव्हा मी आधीच सांगते, "मावशी, मांजरासारखी पाठ वाकवा. गार औषध लावतील, मग एक टोचणी. पाय गरम होतील, जड होतील, मग हलायचेच नाहीत. ते औषधानं होतं, दोन-चार तासांनी परत येतात. मध्ये ओढल्यासारखं कळेल, दुखणार नाही. दुखलं तर लगेच बोला." हे न सांगता पाय हलेनासे झाले तर माणूस हादरतोच. नाडी पळते, बीपी चढतं. कानडी पेशंट असेल तर आमच्या वॉर्डातल्या मावशींना आत बोलावून त्यांच्याकडून सांगवते. त्यात दोन मिनिटं जातात, ती जाऊ द्यावीत.

मुलगा, सांगली
बाबांचं बायपास झालं. आयसीयूत दुसऱ्या रात्री ते नळ्या ओढायला लागले, आम्हाला ओळखेनात. आम्हाला वाटलं, डोक्यावर परिणाम झाला. डॉक्टर म्हणाले, मोठ्या ऑपरेशननंतर वयस्कर माणसांत असा गोंधळ होतो, बहुतेकांचा उतरतो. त्यांनी सांगितल्यावरून चष्मा आणि कानाचं मशीन परत लावलं, समोर घड्याळ ठेवलं. भेटायच्या वेळी मी हात धरून वार सांगायचो, दवाखान्याचं नाव सांगायचो. मग मार्केट यार्डातला राजापुरी हळदीचा दर. बाबांचा जन्म हळदीच्या अडतीत गेला. एका सकाळी दर ऐकून म्हणाले, "एवढ्यात विकू नको." माझ्या बहिणीला तिथंच रडू फुटलं.

एमआरआय झालेली, विश्रामबाग
बंद जागेचा मला भयंकर धसका. टेक्निशियन दादांनी हातात रबरी फुगा दिला, "दाबला की थांबवतो" म्हणाले. डोळ्यांवर रुमाल आत जायच्या आधीच घेतला, त्यामुळे छत किती जवळ आहे ते दिसलंच नाही. दर वेळी ते माइकवरून सांगायचे, "आता ठोकल्यासारखा आवाज येईल, पाच मिनिटं." मी श्वास हळू सोडत राहिले, घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ. फुगा दाबावा लागला नाही. फारच जमत नसेल तर सौम्य गुंगीचं औषध देता येतं, डॉक्टरांना आधी विचारा.

लहान मुलाची आई, तासगाव
"टोचणार नाही" असं मुलाला कधी सांगू नका. दुसऱ्या सुईला तो तुमच्यावर विश्वास ठेवत नाही. "मुंगी चावल्यासारखं होईल, तेव्हा जोरात फुंकर मार" म्हटलं की जमतं.

सिस्टर, पुन्हा
नातेवाइकांना हात जोडून सांगते, दारात कुजबुजू नका. पेशंट ते बघतो आणि मनात वाईटच धरतो. झोप उडाली, जेवण सुटलं, तर राऊंडच्या वेळी डॉक्टरांना सांगा. घरी गेल्यावरही मन थाऱ्यावर नसेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर फोन करा, मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत.

डायलिसिसवाले काका, इस्लामपूर
पहिल्या दिवशी मशीन वाजलं की मला वाटायचं, संपलं आता. शेजारच्या बेडवरचे गृहस्थ म्हणाले, "हात वाकवलात, म्हणून वाजतंय. सरळ करा." केला, थांबलं. चार तास ते माझ्याशी बोलत होते. आता नवीन कुणी आलं की सिस्टर त्याला माझ्या शेजारी देतात, आणि मी हाताचं आधी सांगून टाकतो.