मॉरिशस ते रॉड्रिग्ज: विमानाने नक्की किती अंतर आणि किती वेळ?

देवरुखकर:
नमस्कार मंडळी, फेब्रुवारीत आईबाबांना घेऊन मॉरिशसला चाललोय आणि तिथून पुढे रॉड्रिग्ज बेटावर 3 दिवस जायचं ठरतंय. पण अंतर कुठे 560 किमी दिसतं, कुठे 600, आणि एका ठिकाणी तर 323च लिहिलंय. नक्की किती? वेळ किती लागतो? आईला छोट्या विमानाची फार भीती वाटते म्हणून आधी विचारून घेतोय. मुंबईहून उतरल्यावर त्याच दिवशी पुढचं विमान पकडावं का?

नकाशावाला:
323 हे नॉटिकल (सागरी) मैल आहेत, 1.852 ने गुणा म्हणजे 598 किमी येतात. 560 बहुतेक बेट ते बेट मोजलेलं असतं. एअरपोर्ट ते एअरपोर्ट सरळ रेषेत 600 च धरा, कारण रॉड्रिग्जचा प्लेन कोरेल एअरपोर्ट बेटाच्या पार नैर्ऋत्य टोकाला, म्हणजे मॉरिशसच्याच बाजूला असला तरी मॉरिशसचा एअरपोर्टही काही अगदी पूर्व किनाऱ्यावर नाहीये. वेळ साधारण दीड तास. तिथला रनवे जेमतेम 1300 मीटरचा, मोठं जेट उतरत नाही, म्हणून पंख्याचं एटीआर 72 विमान जातं, ते ताशी 500 किमीच्या आसपास उडतं, म्हणजे नुसतं अंतर सव्वा तासाचं आणि वर टॅक्सी, चढणं-उतरणं. आणि हो, रीयुनियन बेटाशी गल्लत करू नका, ते पश्चिमेला 230 किमीवर, पाऊण तासात पोचता पण तो फ्रान्सचा भाग, व्हिसाचं सगळं वेगळं.

बॅग भरलेली:
मी जाऊन आलेय. काकूंना सांगा, विमान अगदीच चिमुकलं नसतं, सत्तरेक माणसं बसतात. पंखे पुढच्या बाजूला असतात त्यामुळे मागच्या सीटवर आवाज कमी येतो, चढायचं पण मागच्याच दाराने. विमानाचा पंख वर असल्यामुळे खिडकीतून खालचं सगळं दिसतं, उतरताना तो निळाहिरवा लगून (बेटाभोवतीचं उथळ पाणी) बघून माझ्या सासूबाई भीती विसरल्या होत्या, तो बेटापेक्षा मोठा आहे!! सामानाची मर्यादा मात्र मुंबईच्या तिकिटापेक्षा कमी असते, तिकिटावर नीट बघा.

वाक्वावाला:
मी मॉरिशसचा मराठी, आमचे पूर्वज कोकणातून इथे आले. दादा, त्याच दिवशी पुढचं विमान नका धरू. मुंबईहून सहा तासांचा प्रवास करून आलेले आईबाबा दमलेले असणार, त्यात फेब्रुवारी म्हणजे चक्रीवादळाचे दिवस, इशारा लागला की उड्डाणं बंद होतात आणि बेटावर अडकलात तर दुसरा पटकन मार्ग नाही, बोटीला दीड दिवस लागायचा. माहेबूरला एक रात्र राहा, एअरपोर्टच्या जवळ आहे. आणि परतताना मुंबईच्या विमानाआधी एक पूर्ण दिवस मोकळा ठेवाच. रॉड्रिग्जला जाताना घड्याळ बदलायचं नाही, मॉरिशस आणि रॉड्रिग्ज दोन्हीकडे वेळ एकच, फक्त रॉड्रिग्जला सूर्य वीसेक मिनिटं आधी उगवतो.

देवरुखकर:
सगळ्यांचे मनापासून आभार. जाताना माहेबूरला एक रात्र आणि येताना एक दिवस जादा, दोन्ही धरलं. आईला मागची खिडकीची सीट बघतोय. बाबांनी आत्ताच विचारलं, तिथली मोठी कासवं एअरपोर्टपासून लांब आहेत का?

बॅग भरलेली:
अजिबात नाही, फ्रान्स्वा लेगा रिझर्व्ह एअरपोर्टच्याच बाजूला आहे. तिथे गुहाही आहे, पण पायऱ्या आहेत, बाबांचे गुडघे बघून ठरवा.