गाडीला पत्राच कशाला? फायबर का नको?

खाडीकाठी: गाडी नऊ वर्षांची, इंजिन ठणठणीत. परवा धुताना दाराच्या खालच्या कडेवर बोट दाबलं तर आरपार गेलं! खारी हवा, दुसरं काय. बंदरावर मात्र फायबरच्या होड्या वर्षानुवर्षं खाऱ्या पाण्यात उभ्या आहेत. मग गाडीच का पत्र्याची? बंगळूरच्या सिपानी कंपनीने फायबर बॉडीची डॉल्फिन गाडी काढली होतीच की. अमेरिकेची कॉर्व्हेट तर १९५३ मध्येच फायबरची होती.

बारातेराचा पाना: होडीच्या समोरून ट्रक येत नाही हो. पत्रा चुरगळतो म्हणून धक्का पोटात घेतो. आणि या दोन्ही गाड्यांखाली चॅसी लोखंडाचीच होती, ती गंजली की काय कराल? पत्र्याला पोचा आला तर डेंटर ठोकून, पुट्टी मारून देतो. फायबर तडकतं.

खाडीकाठी: तडकलं तर होडीवाले स्वतःच जोडतात. काचेच्या धाग्यांची मॅट ठेवायची, रेझिनमध्ये (चिकट द्रव) ते घट्ट करणारं हार्डनर घालून ब्रशने मुरवायचं, वाळलं की घासायचं. त्याला कुठला डेंटर लागतो? आणि तुमच्या गाडीचा बंपर कशाचा आहे ते बघा. प्लास्टिकचाच ना?

किलोचा भाव: बंपर ठीक, पण अख्खी बॉडी? पूर्व जर्मनीची ट्राबांट बघा. पोलादाची टंचाई, म्हणून कापसाचा कचरा आणि रेझिन दाबून ड्युरोप्लास्टचे पॅनेल केले. १९५७ ते १९९१ मध्ये तीस लाखांच्या आसपास गाड्या निघाल्या. पॅनेल गंजले नाहीत, आतला लोखंडी सांगाडा मात्र गंजायचा! वर ते ड्युरोप्लास्ट वितळतही नाही, त्यामुळे भंगारात काढताना डोकेदुखी. पत्रा निदान भंगारवाला किलोवर नेतो.

हलकी गाडी: ॲल्युमिनियम कुणालाच आठवलं नाही? वजन लोखंडाच्या साधारण तिसरा हिस्सा. ऑडीने १९९४ मध्ये ए-८ त्याचीच केली.

बारातेराचा पाना: किंमतही ऑडीचीच! शिवाय त्याला लोखंडी स्क्रू टेकला की खाऱ्या हवेत ॲल्युमिनियमच आधी खाल्लं जातं, पांढरी पावडर सुटते. त्यापेक्षा जस्त चढवलेला पत्रा घ्या.

खाडीकाठी: पुढच्या गाडीला बघू. या दाराला मात्र होडीवाल्याकडची उरलेली मॅट आणि रेझिन आणलंय. रविवारी भोक बुजवतो.

बारातेराचा पाना: बुजवा, पण आधी चकचकीत होईपर्यंत गंज घासा, नाहीतर आतून खात राहील. आणि दाराच्या तळाला पाणी जायची बारीक भोकं असतात, तीही रेझिनने बुजवून बसू नका. बहुतेक तीच मातीने तुंबली असणार.